साहेबाच्या तोंडाला बूटपॉलिश

पहिलंच सांगून टाकतो : मी हसलो.

गोदीत रात्रपाळी होती. जहाज धक्क्याला लागायचं होतं, टोळी शेडमध्ये आडवी झालेली, आणि मी दिव्याखाली बसून पी. जी. वुडहाऊसचं ‘थँक यू, जीव्ज’ वाचत होतो. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून उचललेलं, कव्हर गेलेलं, कडा उंदरानं खाल्लेल्या. बाजूला नवनीतची डिक्शनरी. मी मॅट्रिक, इंग्रजीत काठावर पास. एकेका पानाला अर्धा अर्धा तास जायचा. तरी एका जागी असा हसलो की मुकादम उठून बसला. म्हणाला, घेतलीस काय रे?

हे आधी सांगतो, कारण आपल्यात हसल्याचं कुणी कबूल करत नाही. आपण कायम मुठी आवळलेल्या, कपाळाची शीर ताणलेली. विद्रोही माणसानं साहेबाच्या विनोदाला हसायचं म्हणजे पापच. मी हसलो, आणि मग त्याच पुस्तकावर वर्धेत सहा संध्याकाळी आमची अशी जुंपली की काही दोस्त अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणून हा लेख.

पुस्तक कशाचं आहे? बर्टी वूस्टर नावाचा लंडनचा एक खुशालचेंडू. काम नाही, धंदा नाही, वाडवडिलांचा पैसा. डोक्यात कापूस. आणि जीव्ज हा त्याचा व्हॅले. व्हॅले म्हणजे बटलर नव्हे, हे नीट समजून घ्या. बटलर घर सांभाळतो. व्हॅले एका माणसाचं अंग सांभाळतो : त्याचे कपडे, त्याची आंघोळ, त्याचा सकाळचा चहा, त्याची रात्रीची न उतरलेली दारू. हा जीव्ज स्पिनोझा वाचतो, कवींच्या ओळी त्याला पाठ, साहेबाची वाक्यं अर्ध्यात अडली की तो पुरी करतो. साहेब भानगडी करणार, जीव्ज त्या निस्तरणार. १९१५ साली तो पहिल्यांदा एका गोष्टीत डोकावला, आणि १९७५ साली वुडहाऊस मेला तोवर तो चहाचा ट्रे घेऊन उभाच होता.

आपल्याकडं पुण्यामुंबईच्या, नागपूरच्या धरमपेठेच्या पांढरपेशा घरांत हे वाङ्मय तीन पिढ्या कपाटात आहे. वाचणारा प्रत्येक जण हसताना बर्टी होतो. मनातल्या मनात त्यालाही एक जीव्ज हवा असतो. स्वतःला जीव्ज समजून वाचलेला पांढरपेशा मला अजून भेटायचा आहे. आम्ही वर्धेत तेच केलं. पुस्तक नोकराच्या बाजूनं लावलं.

मी मूळचा वर्धा जिल्ह्याचा. दरसाल दीक्षाभूमीला जाऊन आलो की आठ दिवस घरी राहतो. यंदा सेवाग्राम एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसताना पिशवीत हे पुस्तक होतं. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी पोट्टे जमतात. दोघं एमपीएससीच्या नादात, एक ऑटो चालवतो, एक पोरगी नर्सिंगची, आणि माझा मावसभाऊ. मी म्हटलं, इंग्रजी शिकायचंय ना, चला, एक कादंबरी वाचू. मी वाचणार, तोडकंमोडकं मराठी करणार, अडलं की मोबाईलवर शब्द बघायचा. अभ्यासवर्ग म्हणा, टाइमपास म्हणा.

पहिल्याच दिवशी विहारातले एक जुने कार्यकर्ते आडवे आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. म्हणाले, “काऊन बे, बाबासाहेबांचे खंड कपाटात धूळ खाऊन रायले, अन् तुमी साहेबाच्या गड्याची गोठ वाचता?”

काकांचा राग खोटा नव्हता. खंडांवर धूळ होतीच. पण ज्या माणसानं पुस्तकांसाठी राजगृह बांधलं त्याच्या नावानं एखादं पुस्तक बंद करायचं, हे मला पटत नाही. साहेबाच्या घरात काय चालतं हे नोकरासारखं कुणाला कळतं? आणि हे पुस्तक साहेबाच्या घरातूनच लिहिलेलं आहे. वुडहाऊसचा बाप हाँगकाँगला ब्रिटिशांचा मॅजिस्ट्रेट. साम्राज्याच्या पगारावर वाढलेलं पोरगं. तो साहेबाची टर उडवतो तेव्हा ती आतली खबर असते. काका बसले. एका कोपऱ्यात, पाठ फिरवून, पण बसले.

आता मुद्द्यावर येतो. ‘थँक यू, जीव्ज’ १९३४ चं. जीव्जची ही पहिली अखंड कादंबरी. बर्टीला बँजोलेले नावाचं तुणतुणं वाजवायचा नाद लागतो, जीव्जला तो आवाज सोसत नाही, तो नोकरी सोडतो. बर्टी खेड्यात आपल्या मित्राच्या, लॉर्ड चफनेलच्या जागेत एक छोटं घर घेऊन राहतो. जीव्ज त्याच लॉर्डाकडं कामाला लागलेला. पुढं एक अमेरिकन कोट्यधीश बर्टीला आपल्या बोटीवर कोंडून घालतो, का तर ह्यानं आपल्या पोरीशी लग्न केलंच पाहिजे. त्याच बोटीवर पोराच्या वाढदिवसाला गाणाऱ्यांचा ताफा येणार असतो, तोंडं काळी केलेला. त्या काळी इंग्लंडात समुद्रकाठी असे ताफे असत. गोरीच माणसं तोंडाला जळलेलं बूच फासून निग्रो बनायची, गायची, नाचायची, पैसे गोळा करायची. जीव्ज युक्ती काढतो : साहेब, तोंडाला बूटपॉलिश लावा आणि ताफ्यात मिसळून सटका.

बर्टी सटकतो. आणि मग पॉलिश निघत नाही.

साबणानं निघत नाही. लोणी पाहिजे. म्हणून लंडनचा हा नबाब रात्रभर काळं तोंड घेऊन लोण्याच्या एका गोळ्यासाठी ह्या दारातून त्या दारात हिंडतो. कुणी दार लावून घेतं. मोलकरीण त्याला बघून किंचाळते. तिला तो सैतान वाटतो. कालपर्यंत ज्या घरांत तो पाहुणा म्हणून जेवला, त्याच घरांत त्याला आज लोणी मिळत नाही. माणूस तोच. अक्कल तीच, म्हणजे नव्हतीच. बदललं फक्त कातडं, तेही बुटाच्या डबीतलं.

मी गोदीत हसलो ते इथंच. आणि वर्धेच्या विहारात वाचताना इथंच गप्प झालो.

कारण नर्सिंगची पोरगी म्हणाली, “दादा, त्याले तरी लोणी लावलं का जाते.”

वुडहाऊसनं हे लिहिताना असं काही मनात आणलं नसणार. त्याला गंमत करायची होती. त्याच्या ह्या काळ्या तोंडांच्या धमालीत खरा काळा माणूस कुठंच नाही. आपल्याकडं हे नवं नाही. तमाशा आमच्या माणसांच्या पायांवर जगला, आणि थिएटरात लोकनाट्य झाल्यावर तोंड रंगवून टाळ्या घेणारे बरेचसे दुसरेच होते. पण गंमत करता करता वुडहाऊसच्या हातून खरं निसटलं. गोऱ्या माणसाला एक रात्र काळा करून सोडला आणि त्याचं जग किती तासांत त्याला ओळखेनासं झालं, ते त्यानं तपशिलानं लिहून ठेवलं.

लोण्याचं निघालं म्हणून सांगतो. हे पुस्तक आल्यावर दोनच वर्षांनी, १९३६ साली, बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याची हकिगत दिली. यात्रेहून आलेल्या एका अस्पृश्यानं आपल्या भाऊबंदांना जेवण घातलं. जेवणात तूप होतं. तेवढ्यावर गावचे हिंदू शेकड्यांनी लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, माणसांना मारलं. गुन्हा काय, तर अस्पृश्याच्या पानात तूप. मी ती दोन पुस्तकं विहारात शेजारी शेजारी ठेवली. कोपऱ्यातून काकांनी पहिल्यांदा मान वळवली.

माझ्या फाटक्या प्रतीत त्या ताफ्यासाठी काळ्यांना दिली जाणारी ती इंग्रजी शिवी जागोजाग आहे. बर्टी ती सहज वापरतो, आपल्याकडं गावात जातीचं नाव सहज तोंडात येतं तशी. २०२३ साली पेंग्विन प्रकाशनानं नव्या आवृत्तीत असे शब्द काढले किंवा बदलले, आणि पुढं सूचना छापली की हे पुस्तक १९३० च्या दशकातलं आहे, ह्यातली भाषा आज खुपेल. त्यावरून तिकडं आरडाओरड झाली. माझं मत सरळ आहे. सूचना खुशाल छापा, शिवी पुसू नका. ज्याला ती बसली तो म्हणाला असता तर ऐकलं असतं. पण इथं शिवी देणाऱ्याचं दुकानच ती पुसून घेतंय, आणि पुसलेलं पुस्तक परत विकतंय. उद्या आपल्या जुन्या मराठी म्हणींतून, कथाकादंबऱ्यांतून आमच्या जातीवरच्या शिव्या अशाच गुपचूप काढल्या, तर परवा आमचीच नातवंडं विचारतील, हे तुमचं कायतरीच, असं कुठं लिहिलेलं होतं? एमपीएससीवाला एक पोट्टा ह्यावर तावातावानं भांडला. त्याचं म्हणणं, शाळेतल्या लेकराच्या हातात ती शिवी कायले द्यायची? त्याचंही खोटं नाही. आमचं एकमत झालं नाही.

आता ब्रिंकली. जीव्ज गेल्यावर बर्टीनं ठेवलेला हा दुसरा नोकर. घुम्या, अबोल. बर्टीला संशय की हा क्रांतीची वाट बघतोय आणि आपल्याकडं गळा कापायच्या माणसाकडं बघावं तसं बघतोय. पुढं हा ब्रिंकली दारू पिऊन येतो, मटण कापायचा सुरा घेऊन बर्टीच्या मागं धावतो आणि घर जाळतो. म्हणजे पुस्तकात नोकर दोन. एक सगळं जाणतो आणि काही मागत नाही. दुसरा मागतो, म्हणून तो दारुड्या, माथेफिरू. अख्खी विनोदाची इमारत ह्या वाटणीवर उभी आहे. साहेबाला हुशार नोकर नुसता चालत नाही, लागतो. अट एकच, त्या हुशारीनं साहेबाचीच विजार इस्त्री झाली पाहिजे. वुडहाऊसला ही वाटणी कळत नव्हती असं समजू नका. १९३८ च्या पुस्तकात त्यानं स्पोड नावाचा फॅसिस्ट पुढारी आणला. त्याची पलटण काळ्या चड्ड्या घालून फिरते, आणि हा स्पोड चोरून बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान चालवतो. नागपूरजवळ राहून चड्ड्यांवर आम्ही किती हसलो ते सांगत नाही. तर ह्या लेखकाला सत्तेची टर उडवता येत होती. फक्त खालून वर बघणारा माणूस दिसला की त्याच्या हातात तो सुरा देतो.

जीव्जला पहिलं नाव होतं का? हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. १९१५ पासून छप्पन्न वर्षं वाचकांनी त्याला नुसतं जीव्ज म्हणून वाचलं. १९७१ च्या ‘मच ओब्लाइज्ड, जीव्ज’ मध्ये ते पहिल्यांदा कळतं : रेजिनाल्ड. बर्टी थक्क होतो, ह्याला नावही आहे! आणि त्याला त्या नावानं हाक कोण मारतं? तोच जुना ब्रिंकली. लेखकानं मधल्या काळात त्याचं आडनाव बदलून बिंगली केलंय, आणि वारशानं घर मिळून आता तो स्वतः मालक झालाय. (आमच्या चळवळीतले काही बंगलेवाले तुम्हाला आठवले असतील. मलाही आठवले.) मुंबईच्या चाळीतल्या आणि ब्लॉकमधल्या घरगड्याला एके काळी सरसकट ‘रामा’ म्हणत. कोकणातून आलेला असो की घाटावरून, आईबापानं काही ठेवलेलं असो, मालकाच्या दारात तो रामा. इंग्रजानं निदान आडनाव ठेवलं.

इथं इंग्लंडचं आणि आपलं बिनसतं ते सांगतो, नाहीतर लेख नुसता इंग्रजांच्या नावानं बोटं मोडणारा होईल. आपल्याकडं आमचा माणूस जीव्ज होऊच शकत नव्हता. जीव्ज साहेबाच्या अंगाला हात लावतो, त्याचा चहा ओततो. वर्धेकडं मालगुजाराच्या वाड्यात गडी होते, पण ते शिवून घेण्याजोग्या जातींचे. माझा पणजा मालगुजाराच्या काळात गावचा कोतवाल. मध्यप्रांतात कोतवाली बहुतेक महाराच्या गळ्यात. गस्त घालायची, मौतीचा सांगावा चार गावं पोचवायचा, अंमलदार आला की त्याचं सामान वाहायचं. वाड्याच्या उंबऱ्याबाहेरून. तो नोकर होता, आणि त्याची सावली नको होती. व्हॅलेचं सुखसुद्धा वरच्या जातीसाठी राखीव. उंबरा ओलांडून आमच्या माणसाला घरात घेतलं ते गोऱ्या साहेबानं. कॅम्पात महार बटलर होते, त्यांच्या हातचा चहा गोरा प्यायचा. मग बटलरांच्या बोलण्याला नाव पडलं बटलरी इंग्रजी. आजही मोडक्या इंग्रजीला तेच म्हणतात. वुडहाऊसच्या पुस्तकात मात्र सगळ्यात शुद्ध इंग्रजी नोकराचं आहे, आणि मोडकं साहेबाचं.

उलटाही खेळ झालाय. १९१७ साली बाबासाहेब कोलंबियात शिकून बडोद्याच्या नोकरीत गेले, तेव्हा तिथले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. साहेब इथं, शिपाई तिथं, आणि तरी वर शिपाई. जीव्जला हे कुणी समजावून सांगितलं असतं तर त्याच्या स्पिनोझानंही हात टेकले असते.

आणि हे सगळं आम्ही वाचत होतो ते वर्धेत. ज्या जिल्ह्यात सेवा ह्या शब्दाचं गाव आहे. मूळ नाव शेगाव, गांधी १९३६ साली तिथं राहायला गेले, १९४० साली त्याचं सेवाग्राम झालं. मोठ्या घरची, बॅरिस्टर, डॉक्टर माणसं तिथं येऊन स्वतः झाडू मारत, संडास साफ करत. मी त्यांना हसत नाही. पण त्यांनी तो झाडू निवडलेला होता आणि वाटेल त्या दिवशी खाली ठेवता येत होता. आमच्या पणजाला असा दिवस नव्हता. परवा २०२५ साली सरकारनं कोतवालाचं नाव बदलून महसूल सेवक केलं. परत सेवाच.

मावसभावाचं राहिलं. बी.ए., चांगल्या मार्कांचा. एका कचेरीत कंत्राटावर शिपाई. कचेरी कुठली ते विचारू नका, त्याची भाकरी जाईल. कागदावर कचेरीत, प्रत्यक्षात साहेबाच्या बंगल्यावर. सकाळी सहाला कुत्रं फिरवायचं. मग भाजी. मग साहेबाचे बूट. मग साहेबाच्या पोरीला शाळेत सोडायचं. तिचा इंग्रजीचा प्रोजेक्टही ह्यानंच लिहिला, पोरीला बक्षीस मिळालं. मॅडम त्याला छोटू म्हणतात. वय सव्वीस.

पहिले दोन दिवस तो सगळ्यांत जास्त हसला. जीव्ज साहेबाला कसा बरोबर गुंडाळतो, ते ऐकून मांडीवर थापा मारत होता. “भाऊ, हा तर मीच हाय,” म्हणाला. मला तेव्हाच धोका वाटला. हाच ह्या पुस्तकाचा गूळ आहे, आणि शहाणे समीक्षकही तोच खातात : खरा मालक जीव्जच, बर्टी नुसता बाहुला. असेल. मग रोज सकाळी चहाचा ट्रे कोण आणतो? साहेबाला आपण बोटावर नाचवतो, ह्या समाधानात माणूस जन्म काढतो. माझी मावशी सांगते, पोरगं बंगल्यावर लय वजनदार झालं, साहेबाचं त्याच्याबिगर पान हलत नाही. पान हलत नाही आणि पगार वाढत नाही.

तिसऱ्या दिवशी मी मागं जाऊन पहिलं प्रकरण परत वाचलं. त्यानंच वाचायला लावलं. जिथं जीव्ज नोटीस देतो. कशावरून, तर तुणतुण्यावरून. पगार नाही, मारहाण नाही, शिवी नाही. मला आपला आवाज आवडत नाही, सबब मी नोकरी सोडतो. भांडण नाही, रडणं नाही.

आमच्याकडं गोदीत नोटीस वरून खाली येते. फळ्यावर लागते. कामगारानं मालकाला नोटीस द्यायची असते हे मावसभावाला माहीत नव्हतं असं नाही, पण इतक्या फालतू कारणावरून देता येते हे त्याला नवं होतं. दोन दिवस तो हसलाच नाही. नुसता ऐकायचा.

निघायच्या आदल्या रात्री तो कागद घेऊन आला. म्हणाला, “भाऊ, हे इंग्रजीत लिहून दे.”

मी म्हटलं, इंग्रजीत कायले, मराठीत लिही, कायदा मराठीतही चालते.

“कारण काय टाकू? त्याच्यापाशी बाजा होता. मी काय लिहू, कुत्रं?”

आम्ही बराच वेळ बसलो. काका पण थांबले होते. शेवटी काकांनीच सांगितलं तसं लिहिलं : माझी नेमणूक कार्यालयात शिपाई म्हणून झाली आहे, तरी मला कार्यालयात काम द्यावे, बंगल्यावर येणार नाही. नोकरी सोडतो असं लिहिलं नाही. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन राहिलंय, बहिणीची फी राहिलीय. जीव्जला आई नव्हती, निदान पुस्तकात तरी दिसत नाही. कागदावर त्यानं सही केली ती पुऱ्या नावानं, बापाचं नाव मधे घालून.

अर्ज अजून दिलेला नाही. पुस्तक मी त्याच्याकडंच ठेवून आलो, अर्ज त्यातच आहे, पॉलिशच्या प्रकरणात. परवा फोनवर विचारलं तर म्हणाला, सोमवारी देतो. मागून कुत्र्याचा आवाज येत होता.